खणाखालची बाटली

गावदेवीच्या पारावर बाटल्यांची रांग लागली होती, आणि बाटल्यांसमोर माणसांची. बाटल्या पांढऱ्या काचेच्या, चपट्या, आधी वेगळ्याच तीर्थासाठी वापरून झालेल्या. एवढ्या रिकाम्या बाटल्या बाळकुमच्या कोळीवाड्यात मिळतील की नाही, अशी हरिहरबाबांना सुरुवातीला काळजी वाटली होती म्हणे. पहिल्याच मंगळवारी ती मिटली. घराघरांतून बाटल्या अशा निघाल्या, की बायकांनी नवऱ्यांकडे बघितलं आणि नवऱ्यांनी खाडीकडे.

"अंदर क्या है?" बाबा गरजले. "अंदर आग है, भक्तांनो! तुम्ही खाता ते आत जळतं. जळतं त्याचा धूर होतो. तो धूर म्हणजे पाप! श्वासाश्वासाला बाहेर पडतं, पण दिसत नाही. मी दाखवतो. एकदम सायंटिफिक!"

साल होतं एकोणीसशे एकोणनव्वद, महिना माघ. खाडीत मासळी रोडावली होती. जाळ्यात बोयटांऐवजी प्लास्टिकच्या पिशव्या यायच्या, आणि कोळंबी आलीच तर तिला रॉकेलचा वास यायचा. गाव देवाची वाट बघत होतं, तेवढ्यात एसटीने कल्याणहून हरिहरबाबा आले. भगवी कफनी, मनगटावर चकचकीत घड्याळ, आणि खांद्याला एक पिशवी, तिला बाबांशिवाय कुणी हात लावायचा नाही.

देवळामागे एक कुंड होतं. मोठ्या उधाणाला खाडीचं पाणी त्यात शिरायचं आणि तिथेच राहायचं, हिरवंगार होऊन. बाबा त्या कुंडाचं पाणी बाटल्यांत भरायला लावत. मग मंत्र पुटपुटत चिमूटभर पांढरं काहीतरी आणि एका कुपीतले दोन थेंब त्यात टाकत, की पाणी झटकन गुलाबी व्हायचं. "देवीचं कुंकू!" बाबा म्हणायचे आणि लोक हात जोडायचे. मग घरटी एकाने पुढे यायचं, पपईच्या देठाची नळी बाटलीत घालायची आणि फुंकत राहायचं. बुडबुड, बुडबुड. बघता बघता गुलाबी रंग उडून जायचा.

"उतरलं! पाप पाण्यात उतरलं!"

मग बुचं लावून बाटल्या पारावर उन्हात मांडायच्या. कोणती कुणाची ते कळावं म्हणून प्रत्येक घराने बाटलीच्या मानेला जाळ्याच्या सुताची आपापली गाठ बांधलेली असायची. टाळ-ढोलकी चालू व्हायची. ऊन कलतं झालं की चमत्कार. कुणी हात न लावता, कुणी बूच न उघडता, बाटल्या एकेक करत पुन्हा गुलाबी व्हायच्या.

"देवीने पाप गिळलं! बोला, गावदेवीमाते की..."

जयजयकाराने पारावरच्या कोंबड्या उडायच्या. मग जिभेवर चिमूटभर अंगारा. तोही गुणाचा. धाकूतात्यांचं पोट कित्येक वर्षांत असं साफ झालं नव्हतं. "पाप दोनी वाटांनी गेला," असं ते भेटेल त्याला सांगायचे, आणि कुठल्या वाटेने किती गेलं हेही सविस्तर सांगायचे.

पहिल्या रांगेत आवडाबाई उभी होती. मासळी विकणारीच्या नजरेतून लबाडी सहसा सुटत नाही. कालचा मासा आज धुऊन पुसून टोपलीत मांडला, तर तो तिला लांबूनच कळायचा. पण मासा वेगळा आणि देव वेगळा. देवासमोर ती डोळे मिटून घ्यायची, आणि मिटल्या डोळ्यांना काय दिसणार!

तिच्या शेजारी होती शीला, तिची सून. याच मोसमात कल्याणच्या रेतीबंदराहून लग्न होऊन आलेली. कामाला वाघ, बोलायला गोड. आवडाबाईला पोटची लेक नव्हती. शीला घरात आल्यापासून ती बाजारातून येताना दोन गजरे आणायला लागली होती, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

शीलाने फुंकलं, बाटलीचा रंग गेला. सगळ्यांच्या बाटल्यांशेजारी तिची बाटली ठेवली गेली. आणि आवडाबाईने कनवटीचा हिरवा खण काढून त्या बाटलीवर घातला. त्यांच्या घरची रीतच होती ती. नव्या सुनेने देवीला पहिल्यांदा काही वाहिलं, की ते उघडं ठेवायचं नाही, दृष्ट लागते. सासूने आपल्या हाताने खणाखाली झाकायचं. आवडाबाईची ओटी तिच्या सासूने अशीच झाकली होती.

ऊन कललं. बाटल्या गुलाबी झाल्या. बाबांनी कौतुकाने शेवटच्या बाटलीवरचा खण उचलला.

शीलाची बाटली होती तशीच होती. फिकट. गुलाबीचा मागमूस नाही.

ढोलकी थांबली. बाबांचाही हात खणासकट हवेतच राहिला. त्यांनी एकदम वळून देवीकडे पाहिलं, आणि त्या नजरेत चक्क भीती होती. आवडाबाईने ती पाहिली, पण तेव्हा तिला तिचा अर्थ लागला नाही. मग बाबांनी घसा खाकरला.

"देवीने... या घरचं पाप नाकारलं."

पुढच्या मंगळवारी आवडाबाईने जास्त काळजी घेतली. दृष्ट कुठून लागली असेल ती लागली, या खेपेला फट म्हणून ठेवायची नाही. खण दुपदरी घातला, बाटलीच्या बुडाशी घट्ट खोचला, वर लिंबू ठेवलं. खण उचलला तेव्हा बाटली पुन्हा फिकटच. काळजी जेवढी जास्त, तेवढी बाटली हट्टी.

आता लोक उघड बोलू लागले. मासा कधीपासून आटला? कुणीतरी म्हणालं, लग्नसराईपासून. मासा त्याच्या कितीतरी आधी आटला होता, पण तेव्हा गावात नवी सून नव्हती, त्यामुळे कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं.

होड्यांच्या मंडळाचा पुढारी भिवाजी संध्याकाळी दारात येऊन बसला. माणूस वाईट नव्हता, फक्त चार लोक बोलले की ते त्याला स्वतःचं मत वाटायचं.

"आवडे, पोर गुणाची हाय, मना ठावं हाय. पन गावाचा सवाल हाय. येत्या मंगलवारी बाटली पालटली तं बरा. नाय तं तिला कल्यानला धाडून दे. मासा परत आला का बघू."

"आनि मासा नाय आला तं?"

भिवाजी उठला. उठताना चहा मात्र संपवला.

आत शीला चुलीशी बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"आये, मी लय इचार केला," ती म्हणाली. "न्हानपनी शेजारनीच्या बोरीची बोरां चोरलेली. आनि एकदा शालेन मास्तरांची नक्कल केलेली. तवरा पाप पुरं व्हतं काय गं?"

आवडाबाईने मुलाकडे पाहिलं. मोरू उंबऱ्यावर बसून जाळ्याचं एकच भोक मघापासून विणत होता.

"तू बोल ना कायतरी."

"आता बाबा बोलतान तं कायतरी असंलच ना, आये."

"शाबास," आवडाबाई म्हणाली. "बापावर गेलास. तोपन असाच गप बसायचा, फक्त त्याला जालां विनता यायची."

दुसऱ्या दिवशी टोपली घेऊन आवडाबाई टेंभी नाक्याला गेली. तिथल्या जुन्या चाळीत सरस्वती प्रधान राहायच्या. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या, आणि घरी मासे निवडताना त्याहून कडक. मास्तरीणबाई आणि कोळीण यांचं दर खेपेला रंगतदार भांडण व्हायचं, आणि त्या भांडणावाचून दोघींनाही सकाळ झाल्यासारखी वाटायची नाही. आवडाबाई सगळ्या गिऱ्हाइकांना अगंतुगं करायची, प्रधानबाई तिला अहोजाहो. त्यातही कुणाला काही वावगं वाटत नसे.

"या चिंबोऱ्या आहेत की कोळी?" प्रधानबाईंनी नेहमीप्रमाणे सुरुवात केली. "किती लहान!"

"घे गं बाय, तुना द्यायचं ते दे."

प्रधानबाईंचा हात थांबला. आवडाबाईने भाव सोडला म्हणजे घरात कुणीतरी आजारी तरी आहे किंवा गेलं तरी आहे. त्यांनी पाट पुढे सरकवला, चहा टाकला आणि म्हणाल्या, "काय झालं ते नीट सांगा."

आवडाबाईने सगळं सांगितलं. बाटल्या, फुंकणं, रंग, धाकूतात्यांचं पोटसुद्धा. पोटाची हकिकत ऐकल्यावर प्रधानबाई हसल्या.

"अंगारा आहे का जवळ?"

कनवटीला पुडी होती. प्रधानबाईंनी पुडीतली चिमूट वाटीत घेऊन तिच्यावर औषधाच्या कपाटातलं स्पिरिट ओतलं, आणि ते थेंब धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात टाकले. पाणी लालभडक झालं. आवडाबाई पाटावरून उठलीच.

"बाय! तुज्या अंगान आली काय गं देवी?"

"माझ्या अंगात कोण येणार! माझ्याकडे पेपर तपासायचे आहेत," प्रधानबाई म्हणाल्या. "जुलाबाच्या गोळ्या आहेत या, कुटून केलेल्या. सोड्यात टाकल्या की रंग चढतो. श्वास फुंकला की पाणी जरासं आंबटतं, जिभेला कळणार नाही एवढंच, आणि रंग उतरतो. शाळेत आठवीतली मुलं करतात हे. इथपर्यंत तुमचे बाबा सरळ आहेत, म्हणजे सरळ लबाड आहेत. पण रंग परत येतो तो कसा? बूच काढून कुणी काही टाकतं का?"

"नाय गं. आमी सगली डोले लावून बसतों. बाबा लांब बसतान, जप करतान."

प्रधानबाईंच्या कपाळाला आठी पडली. ही आठी आवडाबाईच्या ओळखीची होती. पापलेटाचा कल्ला उचलून बघतानाची.

"तुमच्या सुनेची बाटली कुठे ठेवली होती? सगळ्यांबरोबर?"

"सगल्यांच्या बराबर. उलट मी तिची जास्ती कालजी घेतली," आवडाबाई अभिमानाने म्हणाली. "दोनी टायमाला खन घातला वर. दुसऱ्या टायमाला दुपदरी."

प्रधानबाईंनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला.

"आवडाबाई, उद्या येताना त्या कुंडाचं पाणी आणा. आणि तो खणही आणा."

दुसऱ्या दिवशी चाळीच्या गॅलरीत उन्हात दोन बाटल्या उभ्या राहिल्या. दोन्हींत कुंडाचं पाणी, सोडा, पुडीचे थेंब. दोन्हींत आवडाबाईने स्वतः फुंकलं, दोन्हींचा रंग गेला, दोन्हींना बुचं लागली. मग प्रधानबाई म्हणाल्या, "आता यातल्या एकीला तुमच्या सुनेसारखं झाका." आवडाबाईने खण घातला.

वाट बघता बघता दोघींनी कोळंबी सोलली. कलत्या उन्हात उघडी बाटली गुलाबी झाली होती. आवडाबाईने खण उचलला. खालची बाटली फिकट होती.

तिने दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी धरून उन्हात पाहिल्या. मग तिने खण हातात चुरगळला आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"म्हंजे मीच गं बाय. मीच माज्या पोरीला... या हातांनी!"

"तुम्ही मायेने झाकलंत," प्रधानबाई म्हणाल्या. "यात रडण्यासारखं एकच आहे, की हे कळायला दोन मंगळवार गेले. इकडे या, काहीतरी दाखवते."

शाळेतून आणलेला सूक्ष्मदर्शक त्यांनी खिडकीत ठेवला होता. आवडाबाईने एक डोळा मिटून आत पाहिलं. कुंडाच्या एका थेंबात हिरवे हिरवे ठिपके होते. काही गोल, काही होडीसारखे, काही एकमेकांना चिकटून माळ झालेले. एक ठिपका चक्क चालला होता.

"जित्तं हाय ह्ये!"

"जिवंत आहे. वनस्पती आहेत त्या. इतक्या बारीक, की नुसत्या डोळ्याला पाणी हिरवं दिसतं एवढंच. पुस्तकात वनस्पतिप्लवक म्हणतात. आपल्या श्वासातून जो वायू पाण्यात गेला, त्यात कार्बन असतो, कोळशात असतो तोच. हे जीव उन्हाच्या बळावर तो कार्बन खातात आणि त्याचं आपलं अंग करतात. त्यांनी तो खाल्ला, की पाण्याचा आंबटपणा जातो आणि रंग परत येतो. ऊन नाही तर जेवण नाही. खणाखाली बिचारे उपाशी राहिले."

आवडाबाई पुन्हा आत डोकावली. जन्म खाडीवर गेला, पण खाडी एवढी भरलेली आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"मंग देवी काय करते?" तिने हळूच विचारलं.

"ते मला विचारू नका, मी पाण्यापुरतं सांगते. पण या पाण्यात तुमच्या सुनेचं पाप नव्हतं, एवढं मी छातीठोक सांगते."

आवडाबाईने डोळे पुसले. नाक शिंकरलं. आणि मग तिच्या चेहऱ्यावर ते भाव आले जे घासाघीस सुरू होण्याआधी यायचे.

"बाय," ती म्हणाली, "मंगलवारी तुजी शाला बुडव."

मंगळवारी पारावर आधीपेक्षा जास्त गर्दी होती. कुणाची तरी सून घराबाहेर जाणार म्हटलं की गर्दी आपोआप होते. शीला मान खाली घालून आली, तिचं बोचकं घरी बांधून तयार होतं. बाबांचं पाप, धूर, अग्नी, सायन्स सगळं यथासांग झालं. फुंकणं झालं. शीलाने फुंकलेली बाटली आवडाबाईने उचलली आणि रांगेत उघडीच ठेवली.

"आये, खन?" शीला कुजबुजली.

"आज खन मोठ्या मानसांना," आवडाबाई म्हणाली आणि खणखणीत आवाजात पुढे झाली. "भिवादादा! तुजी बाटली गावच्या पुढाऱ्याची. तिला काय मान नाय? ह्यो घे खन." भिवाजीची छाती फुगली. "आनि बाबा, आज तुमीपन फुका. देवमानसाचा श्वास कसा असतं, गावाला बघूं दे."

लोक म्हणाले, वा! बाबांना पहिल्यांदा जरा संकोच वाटला, पण मान कुणाला नको असतो? त्यांनी फुंकलं. बाबांच्या बाटलीवर आवडाबाईने जरीच्या काठाचा खण घातला, हळदकुंकू वाहिलं. दोन्ही बाटल्या नवरदेवासारख्या रांगेत उभ्या राहिल्या. गर्दीच्या कडेला प्रधानबाई छत्री घेऊन उभ्या होत्या. त्यांनी हसू येऊ नये म्हणून ओठ दाताखाली धरला होता.

ऊन कललं. सगळ्यांचे डोळे शीलाच्या बाटलीवर. ती हळूहळू गुलाबी व्हायला लागली. आधी किंचित, मग शंका उरणार नाही इतकी. बायकांत कुजबुज झाली, कुणीतरी शीलाच्या खांद्यावर हात ठेवला. शीला मात्र बाटलीकडे न बघता सासूकडे बघत होती.

"थांबा," आवडाबाई म्हणाली. "नवरदेव बघायचे हायत." तिने दोन्ही खण एकदम ओढले.

भिवाजीची बाटली फिकट. बाबांची त्याहून फिकट.

भिवाजीच्या बायकोने नवऱ्याकडे असं पाहिलं, की त्याने टोपी काढून हातात घेतली.

"आज... ग्रहमान..." बाबा चाचरले.

"ग्रहमान नाय, फडका!" आवडाबाई कडाडली. "माज्या शीलीची बाटली दोनी टायमाला मी झाकलेली. आज तुमची झाकली. झाकली का रंग येत नाय, उगडी ठेवली का येतं. मना एकच सांगा. ज्या देवीला एवढंसा फडका आड आला का बाटली दिसत नाय, तिला माज्या घरान येऊन माज्या सुनेच्या पोटातला पाप कसा दिसला?"

बाबा पारावर मटकन बसले आणि एक विचित्र गोष्ट घडली. त्यांनी आवडाबाईलाच हात जोडले.

"बाई, खरं सांगू? मला वाटलं देवी खरीच आहे!" त्यांचा सायंटिफिक आवाज कुठच्या कुठे गेला होता. "मी एका कॉलेजात बाटल्या धुवायचो. मास्तर रंगाचे प्रयोग करायचे ते बघितलेले. कल्याणला नळाचं पाणी वापरायचो, आणि आरतीच्या गडबडीत नखातला चुना टाकून रंग परत आणायचो. इथे पहिल्याच मंगळवारी चुना टाकायला हात पुढे केला, तर बाटली आधीच गुलाबी! मी काहीच केलं नव्हतं हो! रात्रभर झोप नाही आली. म्हटलं, इतकी वर्षं खोटं बोललो, आता खरी देवी भेटली. मग या पोरीची बाटली झाली नाही, तेव्हा मी स्वतःच घाबरलो."

पहिल्या दिवशीची ती भेदरलेली नजर आवडाबाईला आता उमगली. लोकांना फसवता फसवता फसवणाराच फसला होता. गर्दीतून हसू फुटलं. पहिलं हसू धाकूतात्यांचं होतं, पण अंगारा कशाचा होता हे प्रधानबाईंनी सांगितल्यावर ते तात्यांनी आवरतं घेतलं.

मग प्रधानबाई पारावर चढल्या. बोलायला उभ्या राहिल्या त्या शाळेत राहतात तशाच, आणि मागे कुजबुजणाऱ्या दोन नाखव्यांना त्यांनी आधी गप्प केलं.

"बाबांचं एक वाक्य खरं आहे," त्या म्हणाल्या. "खाल्लेलं आत जळतं आणि श्वासातून बाहेर पडतं. फक्त ते पाप नाही, कार्बन आहे. तुमच्या श्वासातून येतो, चुलीतून येतो, आणि गाड्यांच्या, कारखान्यांच्या धुरातून तर किती येतो त्याला गणती नाही. त्यातला पुष्कळसा समुद्र आपल्यात विरघळवून घेतो, आणि तिथले हे बारीक हिरवे जीव तो खातात. जमिनीवरची सगळी झाडं, शेतं, जंगलं मिळून वर्षभरात जेवढा खातात, जवळजवळ तेवढा. यांना बारीक किडे खातात, कोळंबीची पिल्लं खातात, त्यांना मासे, आणि मासे तुम्ही-आम्ही. जे मरतं, त्यातलं थोडं खाली खाली जात दर्याच्या तळाशी पोहोचतं. त्यातला कार्बन शेकडो वर्षं वर येत नाही. तुम्ही ज्याला देवीने गिळलं म्हणता, ते काम दर्या रोज करतो. न बोलावता, नारळ न घेता."

"मंग आमचा मासा कुटं गेला?" भिवाजीने विचारलं. टोपी अजून हातातच होती.

"ते बाटली फुंकून कळणार नाही. वरून कुठलं पाणी खाडीत सोडतात, ते जाऊन बघा. तुमच्या जाळ्याला ज्याचा वास येतो, त्याचा माग काढा. शीलाच्या अंगाला तर रॉकेलचा वास येत नाही ना?"

भिवाजीने मान खाली घातली. मग तो पुढे आला आणि शीलासमोर उभा राहिला. आयुष्यात सुनेच्या वयाच्या बाईची माफी त्याने कधी मागितली नव्हती, त्यामुळे त्याला शब्द सापडेनात.

"पोरी," तो शेवटी म्हणाला, "तो बोचका सोड."

तोवर पारावर उन्हात राहिलेल्या त्या दोन उघड्या बाटल्याही मावळतीला गुलाबी झाल्या होत्या. बाबांना आणि भिवाजीला पापमुक्त करायला देवी लागली नाही, फडकं बाजूला करणं पुरलं.

मोरूने त्या संध्याकाळी बायकोचं बोचकं स्वतः सोडलं आणि लुगडी पेटीत एकेक घडी करून ठेवली. आवडाबाई त्याला काही बोलली नाही. एवढी शिक्षा पुरे, असं तिला वाटलं. नंतर मात्र तिने जाळं विणण्यावरून दोन टोमणे मारलेच.

मासा काही लगेच परत आला नाही. चमत्कार संपला की कामं सुरू होतात, आणि कामांना वेळ लागतो. भिवाजी आणि मंडळाची माणसं होडी घेऊन खाडीच्या वरच्या अंगाला गेली, काळ्या पाण्याचे नाले शोधून आली, आणि कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवू लागली. हरिहरबाबा कफनी सोडून गेले. बाटल्या मात्र गावातच राहिल्या, आणि त्यांतल्या काही पुन्हा जुन्या तीर्थाला लागल्या.

त्या हिरव्या खणाची आवडाबाईने चोळी शिवून घेतली आणि शीलाच्या अंगात घातली. "आता ह्यो खन तुज्यावर शोभंल," ती म्हणाली. "बाटलीवर नको."

अजूनही टेंभी नाक्याला, टोपली उतरवल्यावर, कुणा गिऱ्हाइकाने सांगितलं की अमक्या गावात मूर्ती रडते, तमक्या ठिकाणी महाराज हवेतून भस्म काढतात, तर आवडाबाई आधी शांतपणे ऐकून घेते. हसत नाही, रागावत नाही. माशाचा कल्ला उचलून दाखवावा तसं बोट वर करते आणि विचारते:

"बरा, खरा असंल. पन बाय, तुमच्यातल्या कोनी एक बाटली झाकून बघितली काय?"